सौदीने गहू सोडला: शहाणपण की घोडचूक?

खोलविहीर:
१९७०च्या दशकाअखेरपासून सौदी अरेबियाने शेतकऱ्याला जागतिक भावाच्या कितीतरी पट हमीभाव देऊन गहू पिकवला. १९९२च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर गेलं, वाळवंटातून चक्क निर्यात होऊ लागली. पाणी मात्र हजारो वर्षांपूर्वी वालुकाश्मात मुरलेलं. उपसलं की संपलं. २००८मध्ये सरकारी खरेदी दरवर्षी घटवायचं ठरलं, २०१६ला ती थांबली. माझ्या मते वीस वर्षं उशीरच झाला. हिशेब करा. गव्हाला तिथे हंगामात ७०० मिमी पाणी धरलं तर हेक्टरी ७,००० घनमीटर. साडेपाच टन उतारा आला तरी टनाला जवळपास १,३००. समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरला अर्धा डॉलर धरा, तर नुसतं पाणीच ६५० डॉलरचं. बाजारात अख्खा टन गहू एरवी २००-३०० डॉलरला पडतो!

बंदरबाबू:
हिशेब चोख, पण जहाज येणारच हे तुम्ही धरूनच चाललात. इजिप्तचा आयात गहू बहुतेक रशिया-युक्रेनचा. २०२२च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं, युक्रेनचं ओदेसा बंदर बंद पडलं, मे महिन्यात भाव ४०० डॉलरच्या वर. एप्रिलमध्ये इजिप्तने भारताच्या गव्हाला मान्यता दिली आणि १३ मेला आपणच निर्यातबंदी केली. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याचीही निर्यात बंद झाली. नाशिकच्या कांद्यावर विसंबलेल्या आखाताला विचारा. आणीबाणीत पहिला घास घरचा, हे प्रत्येक विकणारा देश करतो.

खोलविहीर:
त्यावर तोड कोठार आहे, नांगर नाही. सहा महिन्यांचा साठा ठेवा. पण नुसता सायलो, म्हणजे धान्याचा उंच बंद कोठा, उभारून भागत नाही. दाण्यात ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. १४च्या पुढे गेली की ढीग आतून तापतो, सोंडे होतात. कीड मारणाऱ्या फॉस्फिन वायूची धुरी देताना झडपेतून गळती असेल तर वायू पातळ होतो, काही किडे जगतात आणि पुढच्या खेपेला तीच मात्रा चालत नाही. इजिप्तच्या जुन्या शूनांत, म्हणजे धान्य ठेवायच्या उघड्या आवारांत, तर मातीवर पोती. उंदीर, पाखरं, पाऊस सगळे वाटेकरी.

मोजपट्टी:
तुम्ही दोघं गव्हावरच अडून बसलात. गहू हटला तिथे लसूणघास आला! गहू हिवाळ्यातले चार-पाच महिने पाणी मागतो, लसूणघास बारमाही. दुधाच्या धंद्याला चारा हवा, म्हणून गोल फिरणाऱ्या तुषार यंत्रांखाली तोच लागला. ४०० मीटरचा एक हात फिरला की ५० हेक्टर भिजतं. वाचवलेलं पाणी असं परत गेलं. शेवटी हिरव्या चाऱ्यावरही बंधनं आली. तोवर अल्मराई या सौदी दूध कंपनीने २०१४मध्ये चाऱ्यासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमीन घेतली होती. तिच्या उपकंपनीकडे तिथल्याच बटलर व्हॅलीतली सरकारी जमीनही भाडेपट्ट्याने होती, एकराला वर्षाला साधारण २५ डॉलरवर, आणि उपशाला मोजमाप नाही. म्हणजे गठ्ठे बांधून जहाजात चढायचं ते तिथलं भूजल.

बंदरबाबू:
आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिथल्या गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी एक पट्टा रद्द केला, बाकीच्यांना मुदतवाढ नाकारली. परक्या विहिरीचा दोर परक्याच्याच हाती. सौदीने नंतर १५ लाख टनांची मर्यादा घालून घरचा गहू पुन्हा घ्यायला सुरुवात केली, ती काय हौस म्हणून?

खोलविहीर:
१५ लाखच, ४० नव्हे. तेवढ्यावर माझी हरकत नाही. फक्त त्या विहिरींना मीटर बसवा.