दक्षिणेतील उंच शिखरे: दहा दिवसांत निलगिरी, मुन्नार की चिकमगळूर?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांचे वडील असे चौघे दक्षिणेतील डोंगरांत जाण्याचा विचार करीत आहोत. ठाण्याहून निघून ठाण्यास परत येईपर्यंत हाताशी दहा दिवस आहेत. वडिलांनी उमेदीच्या काळात कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजमाची असे पुष्कळ हिंडून घेतले आहे. आता गुडघे साथ देत नाहीत. तरीही एखाद्या पॉइंटवर भाजलेले कणीस खाऊन परतणे म्हणजे डोंगर पाहणे नव्हे, हे त्यांचे मत कायम आहे. दक्षिणेतील सर्वांत उंच शिखरे एकदा डोळ्यांनी पाहावीत, अशी त्यांची इच्छा आहे.

एका प्रवासी कंपनीने आम्हांला चिकमगळूर, उटी, कोडाईकनाल आणि मुन्नार असा कार्यक्रम आखून दिला आहे. नकाशावर ही ठिकाणे जवळजवळ दिसतात, परंतु मुलीला घाटात गाडी लागते आणि रोज नव्या हॉटेलात सामान उघडायचे म्हटले की पत्नीच्या कपाळाला आठ्या पडतात. यांतील काय ठेवावे, काय गाळावे आणि गुडघे न दुखवता कोणत्या शिखरापर्यंत पोहोचता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नेरूळकर

आपल्या कार्यक्रमातील मुख्य अडचण अंतराची नसून चढ-उताराची आहे. निलगिरी आणि मुन्नारचा अनाइमलै डोंगर यांच्यामध्ये पालघाटची खिंड आहे. सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे जाताना जिथे खऱ्या अर्थाने तुटते, ती हीच जागा. तिची रुंदी सुमारे तीस किलोमीटर भरते. त्यामुळे उटीहून मुन्नारला जाणे म्हणजे माथेरानहून महाबळेश्वरला जाण्यासारखे आहे: पूर्ण घाट उतरून कोईमतूरच्या सपाटीवर यायचे, उकाड्यात पोळ्ळाची, उडुमलपेट मागे टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून घाट चढायचा. जेवणखाण धरून अख्खा दिवस यात जातो. कोडाईकनाल मध्ये घातले की तिसरा चढ-उतार वाढतो, आणि चिकमगळूर तर या सर्वांपासून फार दूर उत्तरेला आहे. ज्या मुलीला घाट लागतो तिला चार वेळा घाट चढवायचा आणि चार वेळा उतरवायचा, असा हा कार्यक्रम आहे. माझ्या मते निलगिरी आणि मुन्नार ही दोनच ठिकाणे ठेवावीत.

आता शिखरांविषयी. दक्षिण भारतातील सर्वांत उंच शिखर म्हणजे केरळातील आनामुडी. त्याची उंची २,६९५ मीटर आहे. मात्र पर्यटकांना त्याच्या माथ्यावर जाऊ देत नाहीत. ते एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात येते आणि आपल्याला उद्यानाच्या राजमला भागापर्यंतच जाता येते. प्रवेशद्वारापासून वनखात्याच्या बसने वर नेतात आणि पुढे डांबरी रस्त्यावरून दीडेक किलोमीटर चालायचे असते. चढ सौम्य आहे. समोर आनामुडीचा काळा कातळ उभा असतो आणि माणसांना सरावलेल्या निलगिरी तहर नावाच्या रानबकऱ्या रस्त्याच्या कडेला चरत असतात. आम्ही गेलो तेव्हा एक नर कठड्यापाशी इतका निवांत उभा होता की त्याच्या पाठीवरचा फिकट, खोगिरासारखा पट्टा आणि शिंगांवरची वळी आम्हांला दुर्बिणीविना दिसली. हे उद्यान तहरांच्या विणीच्या काळात, साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये, बंद ठेवतात. तेव्हा आपण जानेवारी निवडला हे उत्तम झाले. निघण्यापूर्वी तारखांची खात्री मात्र करून घ्यावी.

उटीजवळचे दोड्डबेट्टा २,६३७ मीटर उंच आहे आणि तिथे गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. नाव कन्नड आहे, अर्थ सरळ 'मोठा डोंगर'. वडिलांना एक गोष्ट अवश्य सांगावी: कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि उटी गावच सुमारे २,२४० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे हॉटेलच्या खोलीत चहा पितानाच ते कळसूबाईच्या माथ्याहून सहाशे मीटर वर बसलेले असतील. पायपीट न करता मिळालेली ही उंची त्यांना पटेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

पाचपाखाडीच्या आजी

मी स्वतः सत्तरीत आहे आणि माझ्याही गुडघ्यांची तीच कथा आहे, म्हणून लिहिते. निलगिरीला जायचे तर मेट्टुपालयमहून निघणाऱ्या डोंगरगाडीनेच चढावे. कुर्ल्याहून सुटणारी कोईमतूर एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. त्या गाडीत दोन रात्री काढाव्या लागतात. कोईमतूरहून मेट्टुपालयम जवळच आहे. डोंगरगाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, त्यामुळे आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम करावा. पहाटे कोईमतूरहून धावतपळत येण्याचा उद्योग आमच्या गटातील एका कुटुंबाने केला आणि त्यांना गाडीचा धूर तेवढा दिसला.

ही गाडी ४६ किलोमीटर अंतर कापायला पाच तासांच्या आसपास घेते. वाटेत १६ बोगदे आणि २०८ वळणे आहेत, परंतु वेग इतका संथ असतो की मळमळण्याचा प्रश्न येत नाही; बसमध्ये ओकणारी माझी नात इथे मात्र खिडकीला चिकटून बसली होती. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ इतका तीव्र आहे की दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकून वर सरकते. तिथपर्यंत वाफेचे इंजिन मागून गाडी ढकलते, त्यामुळे पुढच्या डब्यातून समोरचा डोंगर मोकळा दिसतो. गाडी पाण्यासाठी थांबली की सगळे खाली उतरतात; आपल्या वडिलांनाही पाय मोकळे करता येतील. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, उटीपर्यंत गाडी १९०८ मध्ये पोहोचली आणि २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आरक्षण लवकर संपते, म्हणून तारीख ठरताच तिकिटे काढावीत.

जानेवारीत उटीला पहाटे गवतावर हिमकण पडतात. ठाण्यातली थंडी गृहीत धरून शाल नेऊ नये. लोकरीचे मोजे, कानटोपी आणि वडिलांसाठी रात्री गरम पाण्याची पिशवी असावी. आणखी एक: आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते तेलाचे झाड मूळचे निलगिरीचे नाहीच, ते ऑस्ट्रेलियातून आणून तिथे लावलेले आहे. तिथले अस्सल रान म्हणजे शोला, डोंगराच्या घळीत दाटीने वाढलेली बुटकी, शेवाळलेली झाडे आणि भोवती उघडे गवताळ माळ. गाडीवाल्याला चित्रपटांच्या चित्रीकरणाच्या जागांऐवजी शोला दाखवायला सांगावे.

खारघरचा भटक्या

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही मी चिकमगळूरची बाजू मांडतो, कारण वडिलांना 'माथ्यावर पोहोचलो' असे म्हणायचे असेल तर आनामुडी ते देणार नाही. कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी १,९०० मीटरहून थोडे अधिक उंच आहे. माथ्याजवळपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यानंतर पायऱ्या आणि वर देऊळ. पायऱ्या शेकड्यांत आहेत, हे लपवत नाही. शेजारचा बाबाबुडनगिरी हा कॉफीचा डोंगर. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून तिथे रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. जानेवारीत मळ्यांच्या अंगणांत कॉफीची फळे वाळत घातलेली असतात आणि त्यांचा आंबूस वास येतो. भाजलेल्या कॉफीशी त्याचे काही नाते आहे असे वाटतच नाही. मात्र ही सहल स्वतंत्र, चार दिवसांची करावी.

स्वतःची गाडी नेण्याचा विचार मनात असेल तर माझा अनुभव ऐकून ठेवा. आम्ही मैसूरमार्गे उटीला निघालो आणि वाटेतील जेवणात वेळ गेला. बंदीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. गाड्यांखाली प्राणी मरू लागल्यामुळे २००९ पासून ही बंदी आहे. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही नाक्यावर होतो. पहारेकऱ्याने शांतपणे घड्याळ दाखवले आणि ती रात्र आम्ही गुंडलुपेटच्या एका लॉजमध्ये, डासांच्या संगतीत काढली. शिवाय मे २०२४ पासून खासगी वाहनाने उटी किंवा कोडाईकनालला जाताना ई-पास घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पण घाटाच्या पायथ्याशी नेटवर्क शोधत बसण्यापेक्षा घरूनच काढून न्यावा. प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांनाही तिथे बंदी आहे. स्टीलची बाटली बरोबर ठेवावी.

घोडबंदरकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. पालघाटच्या खिंडीचा मुद्दा वाचून वडिलांनी मुलीचा शाळेचा नकाशा मागून घेतला आणि कंपनीच्या कार्यक्रमावर लाल पेनाने दोन रेघा मारल्या. चिकमगळूर व कोडाईकनाल रद्द. एक शंका: मुलीने तिथल्या नीलकुरिंजी या फुलझाडाविषयी वाचले आहे, ती जानेवारीत फुललेली दिसेल का? आणि मुन्नारहून परतीचा मार्ग कोणता घ्यावा?

नेरूळकर

नाही. नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते. एरविकुलममध्ये ती २०१८ मध्ये फुलली होती, म्हणजे पुढचा बहर २०३० च्या पावसाळ्यात. जानेवारीत कोणी ती दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नयेत. मुलीला सांगा, येऊरच्या जंगलातील कारवी ही तिचीच बहीण. ती आठेक वर्षांनी फुलते.

परतीसाठी मुन्नारहून पुन्हा कोईमतूरला येऊ नका. पश्चिमेकडे आलुव्याला उतरा. अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. तिथून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने पनवेल करून ठाण्याला येते. घाट उतरताना मुलीला पुढच्या सीटवर बसवा, निघण्यापूर्वी पोटभर खायला देऊ नका आणि आलेपाक इथूनच घेऊन जा, तिकडे शोधत बसावे लागेल.