मदत हवी आहे: स्पार्टनबर्गच्या गिरणी कामगारांचं पुढे काय झालं?

गिरणगावावरच्या लेखासाठी तुलनेला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातलं स्पार्टनबर्ग घेतलंय. तोही कापडगिरण्यांचाच पट्टा. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने तिथे कारखाना जाहीर केला, १९९४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. कामगार तयार करणारी तंत्रशिक्षणाची व्यवस्था राज्याने १९६१ मध्येच, गव्हर्नर हॉलिंग्ज यांच्या काळात उभी केली होती. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

कंपनीची प्रसिद्धिपत्रकं, जुनी वर्तमानपत्रं चाळून झाली. नोकऱ्यांचे आकडे मिळतात. पण साच्यावर उभं राहून तुटलेला धागा जोडणारा माणूस गाड्यांच्या जोडणीपर्यंत पोहोचला का, हे सापडत नाही. तिकडे जाणं शक्य नाही, इंग्रजी साधनं चालतील. अशा कामगारांच्या मुलाखती किंवा भरतीचा अभ्यास ऑनलाइन कुठे मिळेल?