स्वयंसेवक फुकट, जेवण नव्हे

एकांनी विचारलंय की अमेरिकेत वृद्धांना घरपोच जेवण देणाऱ्या ‘मील्स ऑन व्हील्स’मध्ये डबे पोचवणारे बहुतेक स्वयंसेवकच असतात, मग पैशांची एवढी ओरड का? माणसं फुकट मिळतात हे खरं, पण शिधा, आचाऱ्यांचा पगार, स्वयंपाकघराचा खर्च कुठे चुकतोय? शिवाय सरकारी निधीतल्या प्रत्येक जेवणातून दिवसाच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळायलाच हवा, असा नियम आहे. नुसत्या सूप-ब्रेडवर भागत नाही.

मूळ दुखणं वेगळंच आहे. या जेवणांना सरकारी निधी देणारा ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’ हा कायदा १९६५चा, त्यात जेवणाची योजना १९७२मध्ये आली. पण सोशल सिक्युरिटीसारखा (तिथलं सरकारी पेन्शन) हा हक्क नाही. अमेरिकन काँग्रेस (तिथली संसद) दरवर्षी मंजूर करेल तेवढीच रक्कम. ती संपली की साठीपुढचा गरजू माणूससुद्धा प्रतीक्षायादीत. २०१३च्या सरकारी खर्चातल्या सरसकट कपातीची झळ अशीच बसली होती. लाभार्थ्याकडून सक्तीने पैसे घेता येत नाहीत, फक्त ऐच्छिक देणगी. आणि ते योग्यच आहे.

निधी आटला की काही ठिकाणी रोजच्या गरम जेवणाऐवजी आठवड्याचे गोठवलेले डबे एकदम देतात. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. रोज दार वाजवणाऱ्याला दिसतं की कालचा डबा तसाच पडलाय, आजी आज भिंतीला धरून चालताहेत. तो लगेच ऑफिसला कळवतो. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला हे कसं कळणार?

तिकडे राहणाऱ्यांनी देणगी जरूर द्यावी, पण आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला पत्रही लिहावं. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे पत्र त्याआधीच जायला हवं.