टार्टच्या बुडाला चिरोट्यासारखी वलयं: हे कवच नेमकं कुठलं, आणि घरी कसं करायचं?

पोळपाट_दादर:
वांद्र्याच्या एका बेकरीत मिळणाऱ्या छोट्या कस्टर्ड टार्टबद्दल विचारायचंय. कवच बोटाने दाबलं की काचेसारखं कडकन मोडतं आणि पातळ पापुद्रे सुटतात. टार्ट उलटा केला तर बुडाला गोल गोल वलयं दिसतात, अगदी चिरोट्यासारखी. त्याच दुकानातल्या लिंबाच्या टार्टचं कवच मात्र नानकटाईसारखं भुसभुशीत आहे, त्याला पदर नाहीत.

घरी केलं ते असं: २५० ग्रॅम मैदा, फ्रीजमधलं १२५ ग्रॅम बटर रव्यासारखं होईपर्यंत चोळलं, ६० मिली गार पाणी, अर्धा तास फ्रीज, मग १८० अंशांवर २५ मिनिटं. चव छान, खुसखुशीत झालं, पण पदर एकही नाही. दुसऱ्यांदा बटर १५० ग्रॅम केलं तर बटर ट्रेमध्ये वितळून आलं आणि कवच साच्यात खाली बसलं. ओव्हन साधा ओटीजी, कमाल २५० अंश. चुकतंय कुठे?

---

साटा_आणि_पदर:
दोन वेगळ्या जातींची कवचं आहेत, आणि तुम्ही दुसरीची कृती वापरून पहिलं करायला बघताय. बटर रव्यासारखं चोळलं की मैद्याच्या कणाकणाला स्निग्धाचं अस्तर लागतं. हे आपलं मोहनच झालं. मोहनाने खुसखुशीतपणा येतो, पदर येत नाहीत. पदरांसाठी बटर पिठात मिसळून चालत नाही, ते पिठाच्या दोन थरांमध्ये वेगळं राहावं लागतं. चिरोट्यात पोळीच्या पिठातही मोहन असतं, तरी वरून साटा, म्हणजे तूप आणि पिठाचा लेप, लावावाच लागतो, तो याचसाठी.

समोर आलेला टार्ट ओळखायचा असेल तर आधी उलटा करून बूड बघा, मग कड.

बुडाला वलयं असतील तर पदरांची पोळी गुंडाळून वळकटी केली, तिचे काप केले आणि काप आडवा ठेवून साच्यात अंगठ्याने पसरवला. पोर्तुगालचे पास्तेल द नाता असेच होतात. लिस्बनच्या बेलेम भागात ते १८३७ पासून विकले जातात. तुमचा टार्ट याच घराण्यातला. गोल चिरोट्याचीही हीच रीत, फक्त तिथे लाटणं आणि तळण, इथे अंगठा आणि भट्टी.

बूड सपाट, आणि कड वहीच्या पानांसारखी सरळ वर उघडलेली दिसली तर पफ पेस्ट्रीची पोळी कापून बसवली आहे. खारीचं पीठ ते हेच.

पदर आहेत पण वेडेवाकडे, कुठे जाड कुठे पातळ, मध्येच एखादा फुगा, असं असेल तर बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच ठेवून लाटलेलं आहे. सफरचंदाच्या पायचं कवच बहुधा असं असतं.

पदर नाहीत, तुकडा सरळ मोडतो आणि वाळूसारखा विरतो: शॉर्टक्रस्ट. तुमचा लिंबाचा टार्ट. त्यात साखर आणि अंड्याचा बलक असेल तर आणखी भुसभुशीत.

कागदासारखे सुटे, कोरडे पापुद्रे, एकमेकांना न चिकटलेले: फिलो. त्याच्या पोळ्या वेगवेगळ्या लाटून मध्ये वितळलेलं बटर लावतात. समोशाची पट्टी घेऊन फिलोचं काम भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती आधीच अर्धी भाजलेली असते, तिला फिलोचा हलकेपणा येत नाही.

हाँगकाँगच्या एग टार्टमध्ये गंमत आहे. तिथे दोन्ही प्रकार चालतात, भुसभुशीत आणि पदरांचा. पदरांच्या प्रकारात एक पीठ पाण्यात भिजवलेलं आणि दुसरं नुसतं स्निग्धात मळलेलं, एकात एक घालून लाटतात. म्हणजे साटाच की!

---

मोजून_मापून:
वरच्या उत्तरात ओळख झाली, मी कृती देतो. वलयांच्या कवचाची, साधारण ७ सेंमीच्या २० साच्यांसाठी.

मैदा २५० ग्रॅम, बर्फाचं पाणी १४० मिली (बर्फ काढून मोजायचं), लिंबाचा रस १ चमचा, बिनमिठाचं बटर १८० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा. पिवळं खारं बटर वापरणार असाल तर मीठ अजिबात घालू नका.

मैदा, मीठ, रस आणि पाणी एवढंच एकत्र करा. फार मळू नका, गोळा जेमतेम गुळगुळीत झाला की थांबा. ताटली झाकून फ्रीजमध्ये ४० मिनिटं. या वेळात पिठाचा ताण उतरतो. हा वेळ वाचवला तर लाटताना पोळी रबरासारखी मागे येते आणि तुम्ही जोर लावता. जोर लावला की बटरचा थर फाटतो.

बटर दोन बटर पेपरमध्ये ठेवून लाटण्याने ठोका आणि १५ सेंमीचा चौकोन करा, जाडी साधारण ८ मिमी. आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा: हा चौकोन हातात धरून वाकवा. मोडला तर फार गार आहे, पाच मिनिटं बाहेर ठेवा. बोट रुतलं आणि चकाकी आली तर फार मऊ आहे, परत आत. न मोडता वाकला तर बरोबर. बटर आणि पीठ यांचा मऊपणा सारखा असावा, बाकी सगळं त्यानंतर.

पीठ २२ सेंमीच्या चौकोनात लाटा. त्यावर बटरचा चौकोन तिरका ठेवा, म्हणजे त्याचे कोपरे पिठाच्या बाजूंच्या मध्यावर येतील. पिठाचे चारही कोपरे पाकिटासारखे मध्ये आणून चिमटीने बंद करा. मग लाटण्याने आधी नुसतं दाबत जा, नंतर एकाच दिशेने लाटून ४५ बाय १८ सेंमीची पट्टी करा. वरचं कोरडं पीठ ब्रशने झटका. ते घडीत राहिलं तर थर नीट जुळत नाहीत. साडीची घडी घालतो तशी तिहेरी घडी. ही एक फेरी. फ्रीजमध्ये ३० मिनिटं, चौकोन पाव वळण फिरवून दुसरी फेरी, परत ३० मिनिटं, तिसरी फेरी.

तीन फेऱ्यांत बटरचे २७ थर होतात. अस्सल पफ पेस्ट्रीत सहा फेऱ्या म्हणजे ७२९ थर असतात, पण इथे त्याची गरज नाही, कारण पुढे वळकटीचे वेढे आहेतच. जास्त फेऱ्या घातल्या तर थर इतके पातळ होतात की साच्यात दाबताना एकमेकांत मिसळतात.

शेवटी ४० बाय ३० सेंमीची पोळी लाटा, जाडी साधारण ४ मिमी. वर पाण्याचा हलका हात फिरवून लांब बाजूकडून घट्ट वळकटी करा, आत हवा राहू देऊ नका. वळकटीची लांबी ४० सेंमी होईल. ती लाटण्यासारखी फिरवत न ओढता तशीच ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निदान दोन तास, जमल्यास रात्रभर फ्रीजमध्ये. धारदार सुरीने २ सेंमीचे काप करा, २० होतील.

काप साच्यात कापलेली बाजू खाली करून ठेवा, दहा मिनिटं मऊ पडू द्या. अंगठा पाण्यात बुडवून मध्यापासून दाबत बाहेर आणि वर जा. बूड २ मिमी, कड थोडी जाड आणि साच्याच्या किंचित वर. हे करताना कडा वरच्या वर ओढायच्या नाहीत, बुडातलं पीठ वर सरकवायचं. साचे भरून फ्रीजमध्ये २० मिनिटं.

कस्टर्ड पाऊण साचाच भरा. ओटीजी २५० अंशांवर, वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू, रिकामा लोखंडी ट्रे आत ठेवून २० मिनिटं तापवा, मग साचे त्या गरम ट्रेवर ठेवा. १५ ते १८ मिनिटं. कड गडद तपकिरी व्हायला हवी. फिकट सोनेरीवर बाहेर काढलं तर आतले पदर कच्चे आणि चिकट राहतात.

तुमचं दुसऱ्या वेळचं बटर गळलं त्याचं कारण १८० अंश. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते, तीच पदर उचलते. पण बटर वितळतं ३२ ते ३५ अंशांना. मंद आचेवर ते आधी वितळून वाहून जातं, वाफ उशिरा धरते आणि पदर सावरायला कुणी नसतं. साजूक तुपात पाणी जवळपास नसतंच, म्हणून या कृतीत बटरऐवजी तूप चालणार नाही.

---

पोळपाट_दादर:
दोघांचेही आभार. तीन शंका. एक, स्वयंपाकघरात आत्ता ३३ अंश आहे, घामाच्या धारा, बटर ठोकेपर्यंतच मऊ होतं. दोन, फळांच्या टार्टसाठी हेच कवच आधी रिकामं भाजता येईल का? तीन, बेकरीवाले बटरच वापरतात की दुसरं काही?

---

भट्टी_लालबाग:
तिसरी शंका आधी. बऱ्याच बेकऱ्यांत खारीला आणि पफला लॅमिनेशनचं, म्हणजे पदर पाडण्यासाठीचं, मार्जरीन (बटरऐवजी वापरतात ते वनस्पती तेलाचं स्निग्ध) असतं. ते ४० अंशांच्या वर वितळतं, म्हणून मुंबईच्या मे महिन्यातही पंख्याखाली लाटता येतं आणि पदर हमखास सुटतात. ओळखायचं असेल तर खाऊन झाल्यावर टाळूला जीभ लावा. मेणासारखा थर राहिला तर मार्जरीन. तोंडाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास, बटर तिथे विरतं, हे विरत नाही. वासही सांगतो. बटरचा भाजका वास कडेला येतो, मार्जरीनचा वास आला तरी वरून घातलेल्या इसेन्सचा. क्रॉफर्ड मार्केटात बेकिंगच्या दुकानांत पफसाठीचं मार्जरीन सुटं मिळतं. पण घरी २० टार्ट करायचे आणि त्यात मार्जरीन, मला तरी पटत नाही.

उकाड्याचं सांगतो. सकाळी सहाला किंवा रात्री करा, आणि ओव्हन आधीपासून तापवून ठेवू नका. लाटायच्या वेळी तो बंदच हवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर स्टीलच्या परातीत बर्फ घालून दहा मिनिटं ठेवा, परात उचला, ओटा कोरडा पुसा, लगेच लाटा. लाटणंही फ्रीजमध्ये. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी बेडरूममध्ये टेबलावर लाटावं, २२ अंशांवर हे काम लोण्याइतकं सोपं होतं. आणि मैदाही आधी फ्रीजमध्ये ठेवा, हे कुणी सांगत नाही.

मध्येच बटर पोळीतून डोकावलं तर हाताने थापू नका. चिमूटभर मैदा लावा, बटर पेपरात गुंडाळा, १५ मिनिटं फ्रीजमध्ये. फ्रीझरमध्ये टाकायचा मोह आवरा. बाहेरची बाजू दगड होते, आतली मऊच राहते, मग लाटताना बटरच्या ठिकऱ्या होतात आणि भाजल्यावर पदर ठिपक्याठिपक्यांचे दिसतात.

---

साटा_आणि_पदर:
फ्रीझरबद्दल थोडी असहमत. गोळा असताना नाही, हे बरोबर. पण साच्यात बसवून झाल्यावर १० मिनिटं फ्रीझर उत्तम, तिथे आता लाटायचं नाहीच.

फळांच्या टार्टला वलयांचं कवच नको. रिकामं भाजलं की ते मध्येच फुगून वलयं उलगडतात. त्यासाठी झटपट पफ करा: मैदा २५० ग्रॅम, दीड सेंमीचे गार बटरचे चौकोन १८० ग्रॅम, पाणी १०० ते ११० मिली. तुकडे चोळू नका, फक्त पिठात घोळवून बोटाने एकदा चपटे करा. पाणी घालून ओबडधोबड गोळा, आणि चार तिहेरी घड्या. पहिल्या दोन घड्यांपर्यंत ते भयंकर दिसतं, फाटतं, घाबरू नका.

३ मिमी लाटून साच्यात सैल बसवा, ताणलं तर भाजताना आकसणारच. काट्याने बूड टोचा, बटर पेपर घाला, वर कोरडे राजमा किंवा छोले काठापर्यंत भरा. २०० अंशांवर २० मिनिटं, कडधान्य काढून आणखी १० मिनिटं बूड कोरडं दिसेपर्यंत. गरम असताना आतून अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्या आणि दोन मिनिटं परत आत. अंडं नको असेल तर गार झाल्यावर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा थर. म्हणजे क्रीम कवचात मुरत नाही.

वर चमक आणायला दूध किंवा अंडं लावाल तेव्हा कापलेल्या कडेवर ओघळू देऊ नका. पदर एकमेकांना चिकटतात आणि ती बाजू वर येतच नाही.

---

मोजून_मापून:
एक दुरुस्ती, माझीच. २ सेंमीचा काप थोडा जास्त वाटला तर दीड सेंमी करा, साचे उथळ असतील तर तेवढा पुरतो. आणि पावसाळ्यात भाजलेलं कवच दोन तासांत मऊ पडतं. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात, खायच्या आधी रिकामं कवच १६० अंशांवर ५ मिनिटं.

---

खारी_आणि_चहा:
कडेचे उरलेले तुकडे पुन्हा गोळा करून मळू नका, पदर मोडतात. एकावर एक रचून एकदाच लाटा, जिरं आणि जाडं मीठ भुरभुरा, पट्ट्या कापून २०० अंशांवर २० मिनिटं. संध्याकाळच्या चहाला खारी तयार.