मदत हवी आहे: बेसबॉलच्या बॅटिंग सरासऱ्या, १९३० चे .४०१ आणि १९६८ चे .३०१, तुलना कशी करावी?

मंडळी, इथे बेसबॉल बघणारे किती आहेत ठाऊक नाही, पण संख्याशास्त्रवाले नक्की आहेत, म्हणून विचारतो.

वेगवेगळ्या काळातल्या बॅटरांची तुलना करायची आहे. लाहमन डेटाबेस उतरवून घेतलाय. १८७१ पासून प्रत्येक खेळाडूची हंगामवार आकडेवारी, साध्या सीएसव्ही फाइलींत, तीही फुकट. 'आर' ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा जेमतेम येते.

वादाचं मूळ असं: ऑफिसातला एक सहकारी सेंट लुईसचा, बॉब गिब्सन या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) परमभक्त. १९६८ साली गिब्सनचा ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा; जितका कमी तितका चांगला) होता १.१२. त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ वर बॅटिंगचा विजेता, म्हणजे सर्वोच्च सरासरीचा बॅटर ठरला. इतक्या कमी सरासरीवर हा मान कुणालाच मिळालेला नाही. दुसरा आलेला डॅनी केटर तर .२९० वर होता. पिचरांनी असा उच्छाद मांडला की पुढच्या वर्षी त्यांचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला आणि स्ट्राइक झोनही (ज्या टप्प्यातला चेंडू योग्य धरतात तो) आवळला. सहकारी म्हणतो, यास्त्रेम्स्कीचं विजेतेपद म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी.

मला पटत नाही. १९३० सालची नॅशनल लीग घ्या. अख्ख्या लीगची सरासरी .३०३! म्हणजे तिथला सरासरी बॅटरही यास्त्रेम्स्कीच्या वर. त्या वर्षी बिल टेरीने .४०१ केले, आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर .४०० कुणीच गाठलेलं नाही. आता नुसता भागाकार करू. टेरी: .४०१ भागिले .३०३, उत्तर १.३२. यास्त्रेम्स्की: .३०१ भागिले लीगची .२३०, उत्तर १.३१. शंभर पॉइंटांचं (एक पॉइंट म्हणजे .००१) अंतर गेलं कुठे? (टेड विल्यम्स १९४१: .४०६ भागिले .२६६ म्हणजे १.५३. त्याची गोष्टच वेगळी.)

पण भागाकाराने भागत नाही. १९३० मध्ये टेरीच्या पाठोपाठ बेब हर्मन .३९३, चक क्लाइन .३८६, लेफ्टी ओडूल .३८३ अशी रांगच होती. म्हणजे आकड्यांचा पसाराही मोजायला हवा. जीवाश्मांचा अभ्यासक स्टीफन जे गूल्ड, तोही बेसबॉलवेडा, म्हणायचा की .४०० संपले ते बॅटर बिघडले म्हणून नाही. सगळ्यांचाच खेळ सुधारला, पसारा आकसला आणि टोकाचे आकडे आत ओढले गेले. जॉर्ज ब्रेट १९८० मध्ये .३९० वर थांबला, टोनी ग्विन १९९४ च्या संपाने अर्ध्यात तुटलेल्या हंगामात .३९४ वर.

तर प्रत्येक लीग-हंगामासाठी प्रमाण विचलन (पसाऱ्याचं माप) काढून झेड-स्कोअर (सरासरीपासून किती विचलनं दूर) लावायचा विचार आहे. अडलंय ते इथे: गणतीत कोणाला घ्यायचं? पिचरही बॅटिंग करायचे, त्यांना ठेवू की काढू? आणि किमान किती अ‍ॅट-बॅट धरू?

क्रिकेटप्रेमी: अहो, .३०१ म्हणजे किती धावा ते आधी सांगा!

धागाकर्ता: धावा नाहीतच हो. हिट भागिले अ‍ॅट-बॅट. म्हणजे हजार वेळा बॅटिंगची पाळी आली तर ३०१ वेळा हिट, म्हणजे फटका मारून बेसवर पोहोचणं. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) मिळाला तर तो अ‍ॅट-बॅट धरत नाहीत. एक गंमत सांगतो: बेसबॉलचा स्कोअर कागदावर बसवणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज आणि मुळात क्रिकेटचा वार्ताहर. त्यामुळे नातं जुनंच आहे.

आकडेमोड: पिचर काढाच. तुमच्या .२३० मध्ये ते आहेत. पण अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरच्या जागी डेझिग्नेटेड हिटर बॅटिंग करतो, त्यामुळे ब्रेटच्या १९८० च्या लीग सरासरीत पिचर जवळपास नाहीतच. दोघांना एकाच मापाने मोजलंत तर यास्त्रेम्स्कीला फुकटचा फायदा मिळेल. अ‍ॅपिअरन्सेस फाइलीत कोण किती सामन्यांत पिचर होता ते मिळतं. निम्म्याहून जास्त सामने पिचर म्हणून खेळलेले वगळा. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा ओहतानी मग आपोआप बॅटरांत राहतो.

आणखी एक. हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूच्या दोन ओळी असतात. लीग तीच असेल तर आधी त्या जोडा, मगच किमान मर्यादा लावा.

मर्यादेबद्दल: विजेतेपदाचा आजचा नियम संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स (वॉक धरून एकूण पाळ्या), म्हणजे १६२ सामन्यांना ५०२. पण दिसणाऱ्या पसाऱ्यात नशीबही असतं हे विसरू नका. .२७० च्या बॅटरला ५०० अ‍ॅट-बॅटमध्ये निव्वळ योगायोगाने साधारण २० पॉइंटांचं विचलन येतं, २०० मध्ये ३१. समजा तुम्हाला २८ दिसलं, तर २८ च्या वर्गातून २० चा वर्ग वजा करून मूळ काढा. खरा पसारा २० च्याच आसपास उरतो. गूल्डचा मुद्दा तपासायचा तर हा उरलेला आकडा सालवार मांडा.

धागाकर्ता: हे नशीब वजा करणं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! मग निग्रो लीगचं (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचं) काय करू? २०२४ मध्ये त्या नोंदी मेजर लीगच्या इतिहासात अधिकृतपणे धरल्या, आणि जॉश गिब्सन कारकिर्दीत .३७२ घेऊन टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेला. एका हंगामाचा विक्रमही आता त्याचाच, १९४३ चा .४६६. पण ते हंगाम फारच छोटे होते.

आकडेमोड: म्हणून एकेका हंगामाचा आकडा लीगच्या सरासरीकडे थोडा ओढायचा. खरा पसारा २० पॉइंटांचा धरला तर ५०० अ‍ॅट-बॅटला खेळाडूच्या स्वतःच्या आकड्याला निम्मं वजन मिळतं, २५० ला जेमतेम एक तृतीयांश. मात्र तो २० आकडा निग्रो लीगला उसना देऊ नका. वर्णभेदामुळे जॉश गिब्सनसारख्यांना मेजर लीगची दारं बंद होती, त्यामुळे तिथे अव्वल आणि साधारण खेळाडू एकाच लीगमध्ये असणार आणि खरा पसारा बहुधा मोठा निघेल. पसारा मोठा तर गिब्सनचा आकडा ओढायचाही कमी. आधी तिथलं विचलन तिथल्याच नोंदींवरून काढा आणि इथे टाका, मग वजनं मी करून देतो.