तेल संपणार नाही. तरी काळजी करावी का?

कंदील (चर्चाप्रस्ताव):

"जगात अजून पन्नास वर्षं पुरेल इतकं तेल आहे." हे वाक्य दर थोड्या दिवसांनी कुणीतरी फेकतं आणि ऐकणारा निर्धास्त होतो. गंमत म्हणजे १९८० च्या सुमारास हाच आकडा तीस वर्षांचा होता. तीस वर्षं होऊन गेली, तेल संपलं नाही, शिल्लक वर्षं उलट वाढली. त्यामुळे आता तेलटंचाईचं नाव काढलं की लोक 'लांडगा आला रे आला' म्हणून हसतात.

माझ्या मते तीस आणि पन्नास हे दोन्ही आकडे एकाच फसव्या भागाकारातून येतात. ज्ञात साठा भागिले वर्षाचा वापर. यात गृहीत असं धरलंय की पन्नास वर्षं तेल एकाच धारेने येत राहील आणि एकावन्नाव्या वर्षी नळ कोरडा पडेल. जमिनीतलं तेल असं येतच नाही. ओला टॉवेल पिळून बघा. पहिल्या पिळ्याला धार लागते, दुसऱ्याला कमी, मग मनगटं दुखेपर्यंत पिळलं तरी चार थेंब. टॉवेल कधीच पूर्ण कोरडा होत नाही आणि तरी बादली भरायची थांबते. मला भीती आहे ती बादलीची.

एम. किंग हबर्ट हा शेल कंपनीतला भूगर्भशास्त्रज्ञ. १९५६ साली त्याने अमेरिकेच्या सलग भूमीवरच्या ४८ राज्यांतलं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरणीला लागेल असं सांगितलं. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७० ला शिखर आलं. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या तेलाचं शिखर १९९९ ला होऊन गेलं. मेक्सिकोचं कांतारेल हे समुद्रातलं अवाढव्य क्षेत्र २००४ मध्ये रोज २१ लाख पिंपं देत होतं. आत नायट्रोजन भरून उपसा वाढवला होता. पुढच्या आठ-नऊ वर्षांत ते पाच लाखांच्या खाली आलं. जितक्या जोरात उपसलं तितक्या जोरात आटलं.

जग रोज १० कोटींहून अधिक पिंपं तेल वापरतं. एक पिंप १५९ लिटरचं. शिखर ओलांडलेल्या क्षेत्रांचं उत्पादन सरासरी दरसाल पाच-सहा टक्क्यांनी घटतं, म्हणजे नुसतं आहे तिथे राहायलाही दरवर्षी रोजच्या काही दशलक्ष पिंपांची नवी सोय लावावी लागते. आणि नवे साठे सापडण्याचा बहर १९६० च्या दशकातच ओसरला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता पर्यायी ऊर्जा. सौर, पवन, अणु या सगळ्यांतून मिळते वीज. जगातल्या विजेपैकी तेलावर बनते ती जेमतेम दोन-तीन टक्के. तेल जळतं ते ट्रकमध्ये, जहाजात, विमानात, ट्रॅक्टरमध्ये. म्हणजे औषध एका रोगावर आणि रोग दुसराच. यावर मतं हवी आहेत.

उंटावरचा शहाणा:

प्रस्ताव नेटका, पण हबर्टची गोष्ट तुम्ही मध्यंतरातच थांबवलीत. १९७० ला अमेरिकेचं शिखर होतं रोज सुमारे ९६ लाख पिंपं. २०१८ मध्ये अमेरिकेने तो आकडा मागे टाकला आणि २०२३ ची सरासरी १ कोटी २९ लाखांच्या घरात गेली. हबर्टच्या आलेखात ही दुसरी टेकडी कुठे आहे? आडवी विवरं आणि दाबाखालच्या पाण्याने खडक फोडण्याचं तंत्र त्याच्या गणितात नव्हतं, कारण ते तेव्हा किफायतशीर नव्हतं.

मुळात 'साठा' ही भूगर्भातली कमी आणि ताळेबंदातली जास्त गोष्ट आहे. आजच्या भावाला आणि आजच्या तंत्राला परवडेल तेवढंच तेल त्यात मोजतात. भाव चढला की कालपर्यंत डांबरट चिखल असलेली कॅनडातल्या अल्बर्टाची वाळू एकदम साठ्यात येऊन बसते. जुलै २००८ मध्ये भाव १४७ डॉलरवर गेला तेव्हा भले भले 'आता संपलंच' म्हणत होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. टंचाईच्या भाकितांवर पैसे लावणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

कंदील:

शहाणेबुवा, दुसरी टेकडी मान्य. पण ती कशाची आहे तेही सांगा. खडक फोडून काढलेली विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त उत्पादन गमावते. त्यामुळे सतत नव्या विहिरी खणत राहायचं. हा टॉवेल जास्त जोराने पिळणंच झालं. पारंपरिक कच्च्या तेलाचं शिखर २००८ च्या सुमारास होऊन गेलं असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेही म्हटलंय. त्यानंतरची वाढ मुख्यतः या महागड्या, धापा टाकणाऱ्या तेलाची आहे.

आणि ताळेबंदाचं म्हणाल तर १९८० च्या दशकात ओपेकमध्ये, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत, उत्पादनाचा वाटा साठ्याच्या आकड्याशी जोडण्याची चर्चा सुरू झाली, तसे कुवेत, इराण, इराक, सौदी यांचे जाहीर साठे एकामागून एक फुगले. तेवढी मोठी नवी क्षेत्रं सापडल्याचं मात्र कुणाला दिसलं नाही. नंतर वर्षानुवर्षं उपसा चालू राहिला आणि आकडे जवळपास जागचे हलले नाहीत. असे आकडे कुठल्या बँकेने तारण म्हणून घेतले असते?

ठिणगी:

सगळे अवघड बोलताय. पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा शोध तेल कंपन्यांनी दाबून ठेवलाय, तो बाहेर काढा, प्रश्न मिटला.

गणिती गाढव:

ठिणगी, पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. राख घालून चूल पेटवण्याचा प्रयत्न आहे हा. पाण्यातून हायड्रोजन काढायला किलोमागे पन्नासेक युनिट वीज लागते आणि त्या किलोत साठते ३३ युनिट. तो वाहून न्यायचा, दाबून भरायचा, परत वापरायचा, प्रत्येक पायरीला आणखी गळती. हायड्रोजन हा डबा आहे, धान्य नव्हे.

पाणचक्की:

मी दोघांशीही असहमत आहे. तुम्ही दोघे जमिनीखाली बघत भांडताय, गोष्ट घडतेय ती जमिनीवर. शिखर पुरवठ्याचं येण्याआधी मागणीचं येईल.

२०२४ मध्ये जगभरात १ कोटी ७० लाखांच्या आसपास विजेवर चालणाऱ्या गाड्या (वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिड धरून) विकल्या गेल्या. दर पाच नव्या गाड्यांत एक. नॉर्वेत तर दहातल्या जवळपास नऊ नव्या गाड्या निव्वळ विजेच्या होत्या, आणि नॉर्वे स्वतः तेल विकणारा देश आहे! सौर पॅनेल २०१० ते २०२० मध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली. बॅटऱ्यांचंही तेच.

'तेलात इतकी प्रचंड ऊर्जा असते, तेवढी वीज आणणार कुठून' हा लाडका युक्तिवाद इथे अजून कुणी केला नाही, पण येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. एका पिंपात साधारण १७०० युनिट ऊर्जा असते. पेट्रोलची गाडी त्यातली पाव भागच चाकापर्यंत पोचवते, बाकी उष्णता होऊन उडून जाते. म्हणजे कामाची झाली ४२५ युनिट (शुद्धीकरणातला तोटा सोडून देऊ). विजेची गाडी तेच काम पाचशे-साडेपाचशे युनिट विजेत करते. आपल्याला तेलाची जागा भरायचीच नाहीये, तेलाने केलेल्या कामाची भरायची आहे. ते फार लहान काम आहे.

आणि हवामानाचं काय? ज्ञात साठ्यातलं सगळं तेल जाळलं तर तेल संपण्याची चिंता करायला कुणाला सवड उरणार नाही. टंचाई आली तर मी पेढे वाटेन.

गणिती गाढव:

पाणचक्कीताई, हिशेब बरोबर, पण उदाहरण सोयीचं निवडलंत. गाडी हे सोपं गिऱ्हाईक आहे. किलोभर डिझेलमध्ये १२ युनिट ऊर्जा, किलोभर बॅटरीत पाव युनिटही धड नाही. इंजिनाची उधळपट्टी धरूनही वजनात वीसेक पटींचा फरक राहतो. लांब पल्ल्याचं मोठं विमान शंभर टनांहून अधिक इंधन घेऊन उडतं. वीस पट करा आणि सांगा धावपट्टी सोडेल का. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी उतरेपर्यंत तेवढीच जड.

दुसरं. 'एक इंधन जातं, दुसरं येतं' हे इतिहासात फारसं घडलेलं नाही. कोळशाचं युग संपून तेलाचं आलं असं आपण शाळेत शिकलो. २०२४ मध्ये जगाने तोवरचा सर्वाधिक कोळसा जाळला. तेल कोळशाच्या जागी नाही, कोळशाच्या शेजारी येऊन बसलं. सौर ऊर्जाही तशीच शेजारी बसेल अशी मला शंका आहे. वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा खप वाढला, हे अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवलंय.

पाणचक्की:

विमानांबद्दल वाद नाही. पण तेलापैकी विमानांना जातं ते सात-आठ टक्के. त्यांना खुशाल द्या. मागणी उतरणीला लागायला शेवटचं विमान जमिनीवर यावं लागत नाही, रस्त्यावरची वाहतूक पुरते. जेव्हन्सचा मुद्दा विजेच्या दिव्यांनाही लागू होता. म्हणून काही कुणी कंदिलाचं तेल जास्त जाळू लागलं नाही. (कंदीलराव, तुम्हाला उद्देशून नाही.)

वाटाड्या:

थोडं अवांतर. तेल गेलं की खतं जातील आणि शेती बसेल असं सगळीकडे वाचायला मिळतं. युरियाचा अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो, काही ठिकाणी कोळशापासून, खनिज तेलापासून क्वचितच. शेतीला तेल लागतं ते यंत्रांना आणि वाहतुकीला. तसंच तेल डायनोसॉरपासून बनलेलं नाही, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून बनलंय. बाकी चालू द्या.

कंदील:

वाटाड्या, धन्यवाद. पहिली चूक मीही करत आलोय.

पाणचक्कीताई, मागणी घटेल हे मला पटतं. पण तुमच्या युक्तिवादातच माझी खरी भीती लपलीय. मागणी घटणार असं तेल कंपन्यांना पटलं तर वीस वर्षांत पैसे वसूल होणारं नवं क्षेत्र कोण विकसित करेल? गुंतवणूक थांबेल. इकडे जुनी क्षेत्रं पाच-सहा टक्क्यांनी घटतच राहतील, त्यांना तुमच्या गाड्यांची वाट बघायची नसते. आणि जुन्या गाड्या, ट्रक पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर राहतात. नव्या विक्रीत वीस टक्के म्हणजे रस्त्यावर वीस टक्के नव्हे. पुरवठा मागणीपेक्षा थोडा जरी जलद घसरला तर काय होतं ते १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीने दाखवलंय. बाजारातून गेलेलं तेल थोडंच होतं, पण काही महिन्यांत भाव ३ डॉलरवरून १२ च्या आसपास गेला. आणि अशा वेळी रांगेतून आधी बाहेर फेकले जातात ते गरीब देश. श्रीमंत देश फक्त कुरकुरतात.

उंटावरचा शहाणा:

आणि त्याच १९७३ नंतर काय झालं? फ्रान्सने १९७४ मध्ये अणुभट्ट्यांचा धडाका लावला, आज तिथली सत्तरेक टक्के वीज अणूची आहे. डेन्मार्क पवनचक्क्यांकडे वळला, आज तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची. विजेसाठी तेल जाळणं जगभर कमी झालं ते त्या दणक्यानंतरच. चढा भाव हेच औषध आहे. कडू आहे, पण लागू पडतं.

कंदील:

लागू पडायला किती वर्षं लागली ते गाळलंत. फ्रान्सच्या भट्ट्या उभ्या राहीपर्यंत ८० चं दशक निम्मं सरलं होतं. तहान लागल्यावर विहीर खणायची तर खणून होईपर्यंत प्यायचं काय? आणि तेव्हाचं काम सोपं होतं: वीजकेंद्रात तेलाऐवजी दुसरं काहीतरी घालायचं. ते झालं. आता उरलंय ते अवघड तेल, गाढवाने सांगितलं तसलं.

उंटावरचा शहाणा:

मग पैज लावू. १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी पाच धातूंच्या भावावर दहा वर्षांची पैज लावली होती. टंचाई येईल म्हणणारे एर्लिक हरले. आपली २०३५ ची. जगाचं रोजचं उत्पादन १० कोटी पिंपांच्या वर असेल तर मी जिंकलो, खाली असेल तर तुम्ही.

कंदील:

खाली असेल तर मी कसा जिंकलो? पाणचक्कीताई म्हणतात तशी मागणी घटली तरी ते खालीच असेल.

पाणचक्की:

अगदी. मला का वगळलंत? भाव बघा. उत्पादन कमी आणि तेल महाग, तर कंदील. उत्पादन कमी आणि तेल स्वस्त, तर मी.

गणिती गाढव:

आणि उत्पादन जास्त, भावही जास्त?

उंटावरचा शहाणा:

तर अर्धा मी, अर्धा कंदील. भाव महागाई वजा करून मोजायचा आणि एका दिवसाचा नाही, अख्ख्या वर्षाची सरासरी. २०२० सारखा एखादा दिवस मला उगाच जिंकवून जायला नको.