खातं ‘जप्त’ होतं, की खात्यावर ‘टाच’ येते?

अनुवादिनी : एका पतसंस्थेची वसुलीविषयीची पुस्तिका मराठीत करते आहे. कोर्टाच्या हुकूमनाम्यानंतर (पैसे फेडा, या अंतिम निकालानंतर) कर्जदाराचं बँक खातं अडवतात, तिथे मी ‘खात्यावर टाच आली’ असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘खाते जप्त’ करून टाकलं. माझ्या कानाला जप्ती म्हणजे वस्तू उचलून नेणं. तुमच्याकडे काय म्हणतात?

निवृत्त नाझर : मी कोर्टात नाझर, म्हणजे हुकूम बजावणाऱ्या बेलीफांचा वरिष्ठ होतो. आमच्या कचेरीत सगळ्यालाच जप्ती म्हणत. पण काम तीन तऱ्हांचं. फ्रिज, मोटरसायकल अशी जंगम मालमत्ता बेलीफ पंचांसमक्ष ताब्यात घेतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २१, नियम ४३). घर-जमीन उचलता येत नाही, म्हणून ‘विकू नका, गहाण टाकू नका’ असा मनाई हुकूम. प्रत जागेवर डकवायची, दवंडी पिटायची (नियम ५४). खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेनं त्या माणसाला द्यायचे पैसे. तेव्हा हुकूम बँकेला जातो : त्याला देऊ नका. आणि नुसत्या जप्तीनं मालकी जात नाही, हे पुस्तिकेत ठळक लिहा. लोक तिथेच घाबरतात.

अनुवादिनी : मग जिथे वस्तू हलत नाही तिथे टाच, असा भेद करता येईल?

देशावरचा : अगदी. टाच म्हणजे पायाची टाच. त्यावर पाय रोवला, आता हलवायचं नाही.

रानमोगरा : मला ते पटत नाही. टाचणे, टाचण, टाचणी यांच्याशी नातं असणार. नोटीस दारावर टाचली की आली टाच. नाझरसाहेबांनी सांगितलेलं डकवणं हेच.

देशावरचा : मग ‘टाच आली’ का म्हणतो आपण? ‘टाचली’ म्हटलं असतं.

भाषाशुद्धी : दोन्ही चालतील, निदान शब्द आपले आहेत. जप्ती अरबी. सरकारी मराठीत तरी ती नको.

निवृत्त नाझर : मग दरखास्त काढा, तो फारसी. लिलाव पोर्तुगीज. बेलीफ इंग्रजी. हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी पक्षकार ‘दरखास्त लावली’ असंच सांगतो. ‘निर्णीत ऋणको’ (ज्याच्यावर हुकूमनामा झाला तो कर्जदार) हा तुमचा शुद्ध शब्द वाचून कुणालाही तो आपल्याबद्दल आहे हे कळत नसे. ज्याच्या दारात बेलीफ उभा राहणार, त्याला कागद वाचता यायला हवा.

भाषाशुद्धी : वापरलाच नाही तर रुळणार कसा? ‘महापौर’सुद्धा कधीतरी नवाच होता.

माहेरवाशीण : आमच्या आजोळी जप्ती आली तेव्हा तांब्याची घागर नेली, असं आजी सांगायची. त्या घरात जप्ती हा शब्द संध्याकाळी उच्चारत नसत. असं खरंच नेता येतं?

निवृत्त नाझर : त्याच संहितेचं कलम ६० बघा. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, बैल, बियाणं सुटतं. मात्र त्यात ‘आवश्यक’ हा शब्द आहे, आणि मोठी घागर आवश्यक का, यावर दारातच वाद पेटत. धर्मरूढीनं बाईला अंगावेगळा करता येत नाही तो दागिना, म्हणजे मंगळसूत्र, त्यालाही हात लावता येत नाही. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित. पोटगीचा हिशेब वेगळा. सूर्यास्तानंतर घरात शिरायचं नाही (कलम ६२).

रानमोगरा : आजीच्या गावी कर्जदाराला काय म्हणत? आमच्याकडे ‘कूळ’.

देशावरचा : कूळ म्हणजे जमीन कसणारा!

रानमोगरा : सावकाराचंही कूळच. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुळांनीच दंगा करून सावकारांची कर्जखतं जाळली.

देशावरचा : ते रयत होते. त्या दंग्यांतूनच १८७९ चा कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणं थांबलं. त्याचं नावच ‘शेतकऱ्यांच्या’ दिलाशाचा कायदा, त्यात कूळ कुठे?

रानमोगरा : कायद्याचं नाव इंग्रजांनी ठेवलं. सावकाराच्या वहीत काय लिहिलेलं असे ते विचारते आहे मी.

माहेरवाशीण : आजीच्या तोंडी ‘देणेकरी’ होतं. आणि तगाद्याला येणारा दारात उपाशी बसून राहिला तर ‘धरणं धरलं’ म्हणत. मोर्चातलं धरणं तिथूनच आलं ना?

भाषाशुद्धी : धरणं शुद्ध मराठी आहे, एवढं नोंदवतो. तगादा पुन्हा अरबी.

देशावरचा : कूळवर मी ठाम आहे. कुणाकडे जुनं कर्जखत असेल तर त्यातली ओळ इथे टाका.